टेट्रिसची धून पेटीवर बसवण्याची रीत

टेट्रिस या व्हिडिओ गेम मालिकेची जी धून जगभर ओळखली जाते, ती पेटीवर वाजवायला फार पुढचे शिक्षण लागत नाही. ज्याला आसावरी थाटाचे अलंकार सावकाश का होईना पण न अडखळता वाजवता येतात आणि केरव्याच्या आठ मात्रा हातावर मोजता येतात, अशा साधारण प्रवेशिकेच्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला ती नियमित रियाजाने सहज बसवता येते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने सुरू झाली की मुलांकडून या धुनेची मागणी हमखास होते, आणि बहुतेक मुले आधी मोबाइलवरच्या व्हिडिओत खाली सरकणाऱ्या रंगीत पट्ट्या पाहून ती शिकू लागतात. त्या पद्धतीने बोट कुठे ठेवायचे ते कळते, पण सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते कळत नाही. आणि ही धून तर सगळी लयीवर उभी आहे. म्हणून येथे दिलेली रीत सरगम आणि ताल यांच्या आधाराने जाणारी आहे.

आधी नेमकी कोणती धून बसवायची ते ठरवावे, कारण टेट्रिसचे संगीत एकच नाही. १९८४ साली मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर हा खेळ रचला, तेव्हा त्यात धड चित्रेसुद्धा नव्हती. ठोकळे कंसांच्या खुणांनी दाखवले जात, मग संगीत कुठले? १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी जी आवृत्ती निघाली, तिच्यात खेळणाऱ्याला ए, बी आणि सी अशा तीन धुनांमधून निवड करता येत असे. त्यांतली सी म्हणजे बाखच्या एका फ्रेंच स्वीटमधील मिन्युएट, बी ही संगीतकार हिरोकाझु तानाका यांची स्वतंत्र रचना, आणि आपल्याला हवी असते ती ए. त्याच वर्षी निन्टेन्डोने टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी काढलेल्या टेट्रिसमध्ये ही धून नाहीच, तिथे चायकोव्हस्कीच्या बॅलेतील तुकडा ऐकू येतो. म्हणून शोधताना ‘गेम बॉय, ए टाइप’ असे स्पष्ट लिहून शोधावे.

ही ए धून तानाका यांनी मांडली असली तरी तिची मूळ चाल ‘कोरोबेइनिकी’ या रशियन लोकगीताची आहे, आणि त्या गीताचे शब्द निकोलाय नेक्रासोव्ह यांच्या १८६१ सालच्या त्याच नावाच्या दीर्घ कवितेतून आलेले आहेत. गावोगाव कापडचोपड विकत हिंडणारा फेरीवाला आणि एक तरुणी यांच्यातील घासाघीस आणि लाडीगोडी असा त्याचा विषय आहे. हे गीत नाचासाठी म्हणतात तेव्हा ते संथ लयीत सुरू होऊन हळूहळू वेग घेते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण सादरीकरणात तिचा उपयोग होणार आहे.

आता पेटी. गेममधील धून ज्या पट्टीत आहे, तिथे षड्ज पांढरी सहावर, म्हणजे पाश्चात्त्य ए या स्वरावर येतो. ही सोयीची गोष्ट आहे, कारण पांढरी सहाचा सा धरून आसावरी थाट वाजवला, म्हणजे गांधार, धैवत आणि निषाद कोमल घेतले, की सा पासून तार सा पर्यंत सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच पडतात आणि एकाही काळ्या पट्टीला हात लावावा लागत नाही. मुलांना नेहमी काळी एक किंवा काळी दोनवर गाण्याची सवय असते आणि म्हणून ती तिथूनच सुरुवात करू पाहतात. काळी एकवर वाजवले तर रे काळी दोनवर, कोमल ग पांढरी तीनवर, म काळी तीनवर, प काळी चारवर आणि कोमल ध पांढरी सहावर जातो. वाजवता येते, पण बोटे सतत वर-खाली होतात आणि वेग आला की घसरतात. पट्टी बदलण्याची हौस पुढे भागवावी, सुरुवात मात्र पांढरी सहावरच करावी.

पेटी खर्ज-नर अशा जोड सुरांची असली तरी चालेल, पण कपलर, म्हणजे एका पट्टीसोबत दुसऱ्या सप्तकातलीही पट्टी दाबणारी जोडणी, असेल तर तो बंद ठेवावा आणि ड्रोनचे खटके आत ढकलून ठेवावेत. द्रुत लयीत अखंड वाजणारा षड्ज या धुनेच्या सुट्या सुरांवर पांघरुणासारखा पसरतो. पेटी जुनी असेल तर तिची पांढरी सहा मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणाशी तंतोतंत जुळेलच असे नाही, म्हणून ध्वनिमुद्रण लावून त्याच्यासोबत वाजवण्याचा हट्ट धरू नये. ते ऐकण्यापुरते ठेवावे. नागपुरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतात, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवलेल्या पेटीच्या स्वरपट्ट्या फुगून एकमेकींना घासू लागतात. संथ भजनात हा दोष झाकला जातो, पण या धुनेत एकच स्वर लागोपाठ घ्यावा लागतो तेव्हा दाबलेली पट्टी वेळेवर वर आली नाही तर ओळच मोडते. सुट्टीत धून बसवायची असेल तर पेटी कूलरच्या खोलीत ठेवू नये, आणि पावसाळ्यात रियाज झाल्याबरोबर ती पेटीखोक्यात झाकून ठेवावी.

स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब आणि तार स्वरावर टिंब दिले आहे. प्रत्येक ओळ केरव्याचे एक आवर्तन आहे, आणि आडवी खूण म्हणजे आधीचा स्वर तितक्या मात्रा धरायचा आहे. पहिल्या भागाचा पूर्वार्ध असा:

प – रे ग॒ । म – ग॒ रे
सा – सा ग॒ । प – म ग॒
रे – – ग॒ । म – प –
ग॒ – सा – । सा – – –

आणि उत्तरार्ध असा:

म – – ध॒ । सां – नि॒ ध॒
प – – ग॒ । प – म ग॒
रे – रे ग॒ । म – प –
ग॒ – सा – । सा – – –

काही मांडण्यांत पाचव्या ओळीतला म समेवर न घेता दुसऱ्या मात्रेवर घेतात. तो झोल ऐकायला चांगला लागतो, पण सम पक्की होईपर्यंत म समेवरच घ्यावा.

वाजवण्याआधी ही सरगम हाताने टाळी देत म्हणावी, आणि तीही पाहून नव्हे तर पाठ. येथे बऱ्याच जणांना घाई होते. पहिली ओळ समेवर सरळ पंचमाने उचलली जाते, आपल्याकडच्या बंदिशीसारखा तिला समेआधीचा मुखडा नाही, त्यामुळे म्हणताना मुले नकळत प ला मुखड्यातला स्वर समजतात आणि रे वर सम देतात. एकदा अशी सवय लागली की चौथ्या ओळीत सगळे गणित चुकते. प म्हणताना टाळी जोरात पडली पाहिजे, पाचव्या मात्रेवरच्या म ला ‘खाली’, म्हणजे टाळी न देता नुसता हात, दाखवली पाहिजे, आणि चौथ्या ओळीच्या शेवटी सा धरलेल्या चारही मात्रा मोजून मगच पुढच्या म वर यावे. त्या चार मात्रा खाऊन टाकणे ही या धुनेतली सर्वांत सर्रास दिसणारी चूक आहे.

बोटांची बैठक सोपी आहे. पूर्वार्धाच्या चारही ओळी सा ते प या पाच स्वरांतच फिरतात, तेव्हा उजव्या हाताचा अंगठा सा वर, तर्जनी रे वर, मधले बोट कोमल ग वर, अनामिका म वर आणि करंगळी प वर ठेवली की हात जागचा हलवावा लागत नाही. पेटीवाले करंगळी फारशी वापरत नाहीत, हे खरे. पण येथे ती वापरावीच, कारण पहिलाच स्वर तिच्या वाट्याला येतो आणि तो कमजोर वाजला तर ओळखीची धूनही ओळखू येत नाही. करंगळीचा जोर वाढवण्यासाठी प रे, प ग॒, प म अशा जोड्या काही दिवस वेगळ्या घोटाव्यात. उत्तरार्धात हात उजवीकडे सरकतो: म वर अंगठा, कोमल ध वर मधले बोट, तार सा वर करंगळी, उतरताना कोमल नि वर अनामिका, कोमल ध वर मधले बोट आणि प वर तर्जनी. सहाव्या ओळीत प धरलेला असतानाच अंगठा कोमल ग वर आणावा, पुढचा प मधल्या बोटाने आणि म तर्जनीने घ्यावा, अंगठ्यावर ग॒ वाजला की तर्जनी त्याच्यावरून ओलांडून रे वर टाकावी. तेवढ्यात हात आपोआप पहिल्या जागी येतो. ही ओलांड नीट बसेपर्यंत सहावी आणि सातवी ओळ जोडूनच वाजवावी, सुटी नाही.

डाव्या हाताकडे कोणी लक्ष देत नाही, आणि आवाज बिघडतो तो तिथेच. प्रत्येक स्वरागणिक भाता दाबला तर सूर फुगतो आणि ओसरतो. गेम बॉयच्या आवाजात असा चढउतार नसतो. त्या यंत्रात एकूण चारच ध्वनिवाहिन्या होत्या: दोन चौकोनी लहरींच्या, एक हवी तशी आखता येणाऱ्या लहरीची, आणि एक नुसत्या खरखरीची. चौकोनी लहरीचा सूर सुरू होताच पूर्ण भरात असतो आणि तुटतो तोही एकदम. पेटीवर तसे ऐकू यावे यासाठी भात्यात हवा कायम भरलेली ठेवून लहान, सारख्या दाबांनी भाता चालवावा, आणि उजव्या हाताने एका मात्रेचा स्वर अर्ध्या मात्रेवरच सोडून द्यावा. दोन मात्रांचा स्वरही पावणेदोन मात्रांवर सुटला पाहिजे. कणस्वर, मुरकी, खटका या सजावटीच्या हरकतींपैकी काहीही लावू नये. आपल्या हाताला ती सवय असते आणि रे वरून ग॒ वर जाताना बोट नकळत कण देते. ऐकणाऱ्याला मग ते नाट्यपदासारखे वाटू लागते.

याच ओघात एक खुलासा करतो. ही धून आसावरी थाटात बसते, पण म्हणून तिला आसावरी किंवा जौनपुरी म्हणू नये. आसावरीच्या आरोहात गांधार आणि निषाद वर्ज्य, जौनपुरीच्या आरोहात गांधार वर्ज्य; येथे तिसऱ्या ओळीत रे ग॒ म प असा सरळ चढ आहे. थाट जुळतो, राग जुळत नाही, इतकेच. गेममधील मांडणीत पुढे जो संथ भाग येतो, त्यात तर शुद्ध निषादही लागतो. तो भाग असा:

प – – – । ग॒ – – –
म – – – । रे – – –
ग॒ – – – । सा – – –
ऩि – – – । रे – – –
प – – – । ग॒ – – –
म – – – । रे – – –
ग॒ – प – । सां – – –
नि – – – । – – – –

येथील दोन्ही निषाद शुद्ध आहेत आणि पांढरी सहाच्या पट्टीत ते काळी चारवर येतात; अख्ख्या धुनेत काळी पट्टी लागते ती एवढ्याचसाठी. ज्याने उडीचे अलंकार घोटले आहेत त्याला हा भाग नवा वाटणार नाही: प ग॒, म रे, ग॒ सा हा अवरोहातला एक स्वर गाळून जाणारा अलंकारच आहे. चौथ्या जोडीत मात्र रे ऩि असा सरळ क्रम न येता ऩि रे असा उलटा येतो, आणि हात सवयीने चुकतो तो इथेच. सा वरचा अंगठा उचलून शेजारच्या काळी चारवर ठेवायला चार मात्रांचा वेळ आहे, तेव्हा घाई करू नये. या भागात स्वर सुटे न करता पूर्ण मात्रा धरावेत, म्हणजे पहिल्या भागाशी फरक उठून दिसतो. शेवटचा शुद्ध निषाद अपुरा, लोंबकळत ठेवलेला आहे. त्याला षड्जावर नेऊन सोडवू नये, कारण लगेच पहिल्या भागातला पंचम समेवर आदळायचा असतो.

लय वाढवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. गेममध्ये धून दर मिनिटाला साधारण १४० ते १५० टोल्यांच्या गतीने जाते, आणि एका टोल्यात आपल्या लिपीतल्या दोन मात्रा बसतात. मेट्रोनोम ६० वर लावून सुरुवात करावी. दोन्ही भाग सलग चार वेळा एकही स्वर न चुकता आले तरच ७० वर जावे, आणि असेच दहा-दहाने वाढवत न्यावे. १०० च्या आसपास बहुतेकांचा हात अडतो. तेव्हा वेग वाढवण्याऐवजी पुन्हा ८० वर येऊन केवळ तिसरी आणि सातवी ओळ घोटावी, कारण अडथळा जवळजवळ नेहमी तिथेच असतो: आधीच्या ओळीच्या शेवटी उतरलेला हात तिथे लगेच परत वर चढतो. कार्यक्रमासाठी १३० पर्यंत हात गेला तरी धून पूर्ण रंगते. १५० चा अट्टहास लहान मुलांनी करू नये.

साथीला तबला असेल तर केरव्याचा साधा ठेका पुरतो, पण माझे मत विचाराल तर या धुनेला खंजिरी जास्त शोभते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भातल्या भजनी मंडळांत खंजिरी वाजवणारे हात मुबलक आहेत, आणि गेम बॉयची चौथी वाहिनी जे खरखरीचे ठोके देते, त्यांची जागा खंजिरीच्या चकत्यांची छुमछुम अगदी नेमकी घेते. पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर चामड्यावर थाप, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर नुसत्या चकत्या, एवढेच वाजवावे. भजनातल्यासारखी भरगच्च लग्गी लावली की धून खाली दबते. संथ भागात थाप बंद करून फक्त चकत्या ठेवाव्यात.

दुसरी पेटी मिळाली तर तिच्यावर खर्जाचा सूर द्यावा. पहिल्या भागाच्या आठ ओळींना अनुक्रमे प, सा, प, सा, म, ग॒, प, सा असे मंद्र सप्तकातले स्वर, आणि संथ भागाच्या आठ ओळींना आलटून पालटून सा आणि प. ओळीत हा स्वर चार वेळा, विषम मात्रांवर, तोडून वाजवावा. मूळ मांडणीत मुख्य चालीच्या जोडीने दुसरा सूरही चालतो, पण पेटीवर तो घातला की गुंता होतो, असा माझा अनुभव आहे. दोन पेट्यांत खर्ज आणि चाल एवढे स्वच्छ आले तरी भरपूर झाले. पेटीऐवजी कीबोर्ड वापरणाऱ्याने पियानोचा आवाज न घेता ‘स्क्वेअर लीड’ हा आवाज निवडावा. जनरल मिडी पद्धतीच्या कीबोर्डवर तो ८१ व्या क्रमांकावर असतो, आणि तो घेतला की गेममधल्या सुराच्या सर्वांत जवळ जाता येते.

सादरीकरणाचा आराखडा असा ठेवावा: पहिला भाग ८० च्या लयीत एकदा, मग ११० च्या लयीत एकदा, संथ भाग त्याच लयीत, आणि शेवटी पहिला भाग १३० किंवा हात जाईल तितक्या वेगात. लोकगीताची वाढत जाणारी गती अशी आपोआप साधते. गेममध्ये धून फिरून फिरून वाजत राहते, तिला शेवट नाही, म्हणून शेवट आपणच बांधावा लागतो, आणि त्यासाठी तिहाईसारखे साधन आपल्या हाताशी आहे. आठव्या ओळीतला ‘ग॒ – सा – सा’ हा पाच मात्रांचा तुकडा मध्ये एकेक मात्रा सोडून तीनदा घेतला की सतरा मात्रा होतात, म्हणजे दोन आवर्तने संपून शेवटचा सा बरोबर समेवर पडतो:

ग॒ – सा – । सा – ग॒ –
सा – सा – । ग॒ – सा –
सा

ही तिहाई आठव्या ओळीच्या जागीच, तिच्या समेपासून सुरू करायची आहे; आठवी ओळ वाजवून मग नव्हे. खंजिरीवाल्याने तिहाईच्या वेळी आपला ठेका तसाच चालू ठेवावा, तुकड्याबरोबर थापा देऊ नयेत, नाहीतर सम कुठे आली ते श्रोत्यांना कळत नाही. शेवटच्या सा वर एकच थाप, आणि सूर लगेच तोडावा.

कार्यक्रमाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा असल्यास दोन गोष्टी पाळाव्यात. लोकगीताची चाल कोणाच्या मालकीची नाही, परंतु गेममधील मांडणी, तिचे ध्वनिमुद्रण आणि टेट्रिस हे नाव यांवर हक्क आहेत. तेव्हा पाठीमागे गेमचे मूळ ध्वनिमुद्रण लावू नये. आणि शीर्षकात ‘कोरोबेइनिकी, रशियन लोकगीत, पेटी आणि खंजिरी’ असे लिहून गेमचा उल्लेख खाली वर्णनात करावा. तक्रार येण्याचा संभव राहू नये असे वाटत असेल तर संथ भाग गाळून फक्त पहिला भाग आणि तिहाई एवढेच व्हिडिओत ठेवावे.